आज आकडा सोडला, तेव्हा कुंभक जमला

गेले काही दिवस मी प्राणायामात 1:4:2 या प्रमाणाच्या मागे लागले होते. चार मात्रा पूरक (श्वास घेणं), सोळा कुंभक (तो रोखणं), आठ रेचक (सोडणं). सोळापर्यंत पोहोचायचे, पण मग श्वास सोडताना तो भसकन बाहेर पडायचा आणि पुढचा पूरक अधाशासारखा व्हायचा. म्हणजे लय तिथेच मोडलेली.

आज सकाळी कुंभक आठ मात्रांवर आणला. चार, आठ, आठ. मात्रा साधारण एका सेकंदाची धरली, तर मिनिटाला तीनच श्वास! पहिली पाच आवर्तनं मोजण्यातच गेली. नंतर कधीतरी खांदे आपोआप सैल झाले, रेचक शेवटपर्यंत एकसारखा, अगदी तेलाच्या धारेसारखा गेला. हनुवटी खाली, म्हणजे जालंधर बंध, आणि आत नुसती शांतता. किती बरं वाटलं, सांगता येत नाही.

कुंभकात जी तगमग होते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. प्राणवायू लगेच संपत नाही. हे कळल्यापासून भीती गेली. पण तगमग दाबून बसणंही चूकच. रेचक थरथरला की कुंभक जास्त झाला, असं मी आता धरते. (रक्तदाब, हृदयविकार असेल किंवा गरोदरपण असेल तर श्वास रोखूच नका, हे कळकळीनं सांगते.)

पतंजलींनी प्राणायामाला श्वासप्रश्वासांचा 'गतिविच्छेद', म्हणजे त्यांची गती खंडित होणं, असं म्हटलंय. हा शब्द इतकी वर्षं नुसता पाठ होता. आज दोन श्वासांच्या मधे तो थोडासा भेटला.

उद्याही आठच मात्रा.