करंट परत जातो, मग बिल कशाचं?

विजेचा धडा सुरू झाला की हा प्रश्न येतोच. कधी भर वर्गात, कधी तास संपल्यावर दाराशी, आणि बरेचदा मुलांच्या आईवडिलांकडूनही. दिव्यात जेवढा करंट शिरतो तेवढाच बाहेर पडतो असं तुम्ही शिकवता, मग आपण वापरतो तरी काय आणि पैसे कशाचे भरतो? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. ‘ऊर्जेचे’ एवढं लिहिलं तर परीक्षेत गुण मिळतात, पण विचारणाऱ्याचं समाधान होत नाही.

आधी खात्री करून घेऊ. 12 व्होल्टची बॅटरी, 24 वॅटचा दिवा, आणि दिव्याच्या अलीकडे-पलीकडे एकेक ॲमीटर, सगळं एकसर जोडणीत. बटण दाबलं की दोन्ही काटे 2 अँपिअरवर येतात. कोणीतरी हमखास म्हणतं, “दुसरा मीटर बिघडलाय.” मग मीटरची अदलाबदल करायची. काटे पुन्हा 2 वरच. ही अदलाबदल मुलांनाच करू द्यावी. शिक्षकाच्या सांगण्यावर त्यांचा जेवढा विश्वास असतो, त्याहून स्वतः पिळलेल्या तारेवर जास्त असतो.

पण समान का? समजा, आत 2 अँपिअर गेले आणि बाहेर 1 च आला. एक अँपिअर म्हणजे सेकंदाला 1 कूलोंब प्रभार (विद्युतभार), म्हणजे दर सेकंदाला 1 कूलोंब प्रभार दिव्यात साठत जाणार. पूर्ण सेकंदही नको, सेकंदाचा फक्त दहालाखावा भाग घ्या. तेवढ्यात 1 मायक्रोकूलोंब साठेल. तो 3 सेंटिमीटर त्रिज्येच्या गोळ्यावर आहे असं धरून विभव (व्होल्टमध्ये मोजतात तो विजेचा दाब) काढलं, तर 3 लाख व्होल्ट येतं! 12 व्होल्टची बॅटरी त्याच्यापुढे कुठे टिकणार? साठलेला प्रभार मागून येणाऱ्यांना रेटून धरेल आणि पुढच्यांना हाकलेल. त्यामुळे तूट पडायला लागताच ती भरून निघते. धारा, म्हणजे करंट, समान राहते ती या रेटारेटीमुळे. हे गणित मुलांनी एकदा स्वतःच्या हातानं करून पाहावंच.

आता ज्या इलेक्ट्रॉनांबद्दल आपण बोलतोय त्यांची चाल बघा. 1 चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून 1 अँपिअर धारा जात असेल, तर इलेक्ट्रॉन सेकंदाला साधारण 0.07 मिलिमीटर पुढे सरकतात. एक मीटर जायला पावणेचार तास. (ते सैरावैरा धावतात फार वेगानं, पण सगळ्याच दिशांना, म्हणून त्या धावपळीची बेरीज शून्य.) आणि घरातली वीज तर प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारी. 50 हर्ट्झला तेवढ्याच धारेत इलेक्ट्रॉन जागच्या जागी पुढे-मागे होतो, तेही मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी अंतरात. वीजकेंद्रातला इलेक्ट्रॉन आपल्या दिव्यापर्यंत कधी पोचतच नाही. बिल त्याचं नव्हे, हे एवढ्यावरूनच कळावं.

मग बटण दाबताक्षणी दिवा लागतो तो कसा? इलेक्ट्रॉन तारेत सगळीकडे आधीच भरलेले असतात, दिव्याच्या आतसुद्धा. बटण दाबल्यावर धावतं ते विद्युत क्षेत्र, प्रकाशाच्या वेगाशी तुलना व्हावी इतक्या वेगानं. सायकलच्या साखळीसारखं. पायडल दाबलं की मागचं चाक लगेच फिरतं, कडी मात्र सावकाश पुढे येते आणि फिरून परत जाते. साखळीची एकही कडी खर्च होत नाही, तरी पाय दुखतातच. फरक एवढाच की साखळीत कडी कडीला ओढते आणि तारेत प्रत्येक इलेक्ट्रॉनला त्याच्या जागी ढकलायला क्षेत्र हजर असतं.

पाय दुखण्याचा हिशेब ठेवतं ते विभवांतर, म्हणजे दोन टोकांच्या विभवातला फरक. 12 व्होल्ट म्हणजे बॅटरी दर कूलोंबमागे 12 जूल ऊर्जा देते. व्होल्टमीटर दिव्याच्या दोन टोकांना लावा, जवळपास 12 दाखवेल. तोच तांब्याच्या जोडतारेच्या दोन टोकांना लावा, काटा जेमतेम हलेल. धारा दोन्हीकडे तीच, पण दिव्याच्या तारेचा रोध, म्हणजे धारेला होणारा अडथळा, पुष्कळ जास्त, म्हणून जूल तिथे उतरतात आणि उष्णता नि उजेड होऊन निघून जातात. घरचा मीटर मोजतो व्होल्ट, अँपिअर आणि वेळ यांच्या गुणाकारातून होणारी ऊर्जा (प्रत्यावर्ती विजेत थोडी दुरुस्ती लागते, ती पुढच्या वर्गात). एक युनिट म्हणजे 1 किलोवॅट-तास, 36 लाख जूल.

इथे हुशार मुलं थांबत नाहीत. बॅटरीचं कळलं, तिच्यात रसायनं संपतात. वीजकेंद्रात काय संपतं? त्यासाठी चुंबकाकडे वळावं लागतं, आणि माझ्या मते वीज आणि चुंबकत्व हे दोन वेगळे धडे करून आपण मुलांचं नुकसान करतो. 1820 मध्ये ओर्स्टेड या शास्त्रज्ञाला दिसलं की धारा वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते. 1831 मध्ये फॅरेडेनं उलट बाजू दाखवली: कुंतलातून (तारेच्या वेटोळ्यातून) जाणारं चुंबकीय क्षेत्र बदललं की कुंतलात धारा सुरू होते. पाठ्यपुस्तकात या दोघांच्या मध्ये बरीच पानं असतात. प्रत्यक्षात जनित्र, म्हणजे वीज तयार करणारं यंत्र, फिरताना दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच तारेत घडत असतात.

हातानं फिरवायचं छोटं जनित्र मिळालं तर मूठ मुलांच्या हातात द्या. दिवा जोडलेला नसताना मूठ अगदी हलकी फिरते, घर्षण असेल तेवढंच. फिरवता फिरवता दुसऱ्यानं दिवा जोडायचा. जोडताक्षणी मूठ जड होते, कुणीतरी पलीकडून धरून ठेवल्यासारखी. दिवा काढला की परत हलकी. मुलं हे दहा-दहा वेळा करून बघतात आणि करू द्यावं. कुंतलात धारा सुरू झाली की ओर्स्टेडच्या नियमानं कुंतलही चुंबक होतो आणि तो फिरण्याला विरोध करतो. हा विरोधाचा नियम 1834 मधला, लेन्झचा. विरोधाऐवजी मदत झाली असती तर मूठ आपोआप वेगानं फिरत राहिली असती आणि फुकटची ऊर्जा मिळाली असती. तुम्ही घरी दिवा लावता तेव्हा दूरच्या जनित्राची मूठ तेवढीच, अगदी कणभर, जड होते. ती फिरती ठेवायला जादा वाफ किंवा जादा पाणी लागतं. बिल त्याचं.

यावर शंका येते की मूठ जड लागते ती दिव्याला ‘जोर’ लागतो म्हणून. मग दिवा काढून जनित्राची दोन टोकं एकमेकांना तारेनं जोडा. उजेड कुठेच नाही, तरी मूठ आधीपेक्षाही जड. रोध कमी झाला, धारा वाढली, म्हणून विरोधही वाढला. दंडातली सगळी मेहनत आता कुंतलाची स्वतःची तार तापवण्यात जाते, त्यामुळे पाच-सात फेऱ्यांच्या पुढे फिरवत बसू नका, जनित्र जळेल.