प्राप्त झाले

'प्राप्त' हा शब्द आमच्याकडे पुण्य आणि मोक्षासाठी राखून ठेवलेला होता. आता तो कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींच्या गाडीवर सकाळपासून घुमतो. "वीस रुपये प्राप्त झाले." मेथीची एक जुडी!

त्यांच्या वजनकाट्याला सुतळीनं बांधलेला तो काळा-पांढरा चौकोन जन्मला जपानमध्ये, 1994 साली, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला. गाडीपर्यंत पोचायला त्याला वीसेक वर्षं लागली. 2016च्या एप्रिलमध्ये यूपीआय सुरू झालं, सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, 8 नोव्हेंबरला नोटाच बाद झाल्या. आता काय अडलं होतं?

अडले होते मावशींचे हात. ओले, मातीचे. "मी फोन बघू की काटा?" त्यातच एकानं जुनाच मेसेज दाखवून किलोभर शेवगा नेला. तेव्हापासून महिनाभर चौकोन पोत्याखाली आणि रोख पैसे कनवटीला. मला तेव्हा हा अडाणीपणा वाटला होता. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात, हेही आपण हसत हसतच सांगतो. पण फसला असता तर वर्षाचं पीक त्यांचं जाणार होतं, हसणाऱ्यांचं नाही.

मग दोनेक वर्षांनी तो बोलका डबा आला. त्यासाठी वाचायला नको, हात पुसायला नकोत, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायला नको. मावशी पाठमोऱ्या भेंडी निवडत असतात, डबा ओरडतो, त्या नुसती मान हलवतात. माझ्या मते भाजीबाजार जिंकला तो त्या डब्यानं. चौकोनाला उगाच मोठेपणा मिळाला.

एक मात्र झालं. पूर्वी तीन रुपये सुटे नसले की मावशी पिशवीत कढीलिंबाच्या दोन काड्या टाकायच्या, वर एखादी मिरची. परवा माझे सदतीस रुपये झाले, सदतीसच गेले. मी जरा घुटमळलो.

"काय राहिलं का, दादा?"

"कढीलिंब..."

"पाच रुपये," म्हणत त्यांनी हनुवटीनंच चौकोन दाखवला.