तिघांपैकी एक

अमळनेर, २८ जून २०२५

बेबीचा सत्कार झाला याचा मला आनंद झाला, हे सर्वांत आधी लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून तसे वाटण्याची शक्यता कमी आहे. आणीबाणीला पन्नास वर्षे झाली म्हणून बुधवारी जळगावला कार्यक्रम होता. शाल, नारळ, सन्मानपत्र आणि मग प्रत्येकाचे थोडे थोडे भाषण. सूनबाईने संध्याकाळी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. बेबी नेहमीप्रमाणे माइक तोंडाच्या फार जवळ धरून ठसक्यात बोलली आणि बोलण्याच्या ओघात म्हणाली की, अमळनेरच्या कॉलेजातून आणीबाणीविरुद्धच्या सत्याग्रहात आम्ही तिघे होतो. तिसरे नाव तिने माझे घेतले.

"आई, तुम्ही कधी बोलला नाहीत!" सूनबाई म्हणाली. "त्यात काय बोलायचे," असे म्हणून मी चहाचा कप उचलला आणि आत गेले.

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. मी त्या तिघांत नव्हते. ते दोघेच होते, आणि मी त्या दोघांच्याही जवळची होते, ही अगदी वेगळी गोष्ट आहे. कुणी आपल्याला खोटे ठरवले तर भांडता तरी येते. पण भर सभेत, टाळ्यांच्या गजरात, न केलेल्या पराक्रमात ओढून घेतले तर काय करावे, हे मला या वयातही सुचत नाही.

आप्पा तेव्हा मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. २६ जूनच्या सकाळी रेडिओवर इंदिराबाईंचे भाषण झाले, ते त्यांनी उभ्याने ऐकले आणि शर्टाची बटणे लावत म्हणाले की, आता कचेरीत लोक वेळेवर येतील. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर दिलेली आणि साने गुरुजींनी उतरवून घेतलेली प्रवचने त्यांना जवळजवळ पाठ होती. पण तुरुंगात जाणारी मुले वाया गेलेली असतात, असेही त्यांचे ठाम मत होते, आणि या दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात शेजारीशेजारी सुखाने नांदत होत्या. ४ जुलैला संघावर बंदी आली, तसे शाखेत मुलगा जातो म्हणून कचेरीतल्या कुणाकुणाची चौकशी होते आहे अशी कुजबुज सुरू झाली, आणि आमच्या घरी संध्याकाळी दार लावून घेण्याची पद्धत पडली. म्हणजे मला न सांगण्याचे कारण होते. चांगले भक्कम कारण होते. ते मला तेव्हाही कळत होते आणि आजही कळते, आणि कळून काडीचाही उपयोग होत नाही.

१४ नोव्हेंबरपासून देशभर सत्याग्रह सुरू झाले. आमच्याकडच्या तुकडीने भर बाजाराच्या दिवशी दगडी दरवाजापाशी पत्रके उधळली, जयप्रकाशांच्या नावाने घोषणा दिल्या आणि स्वतःला अटक करवून घेतली. मला ही बातमी धाकट्या भावाने दिली. तो दळण आणायला गेला होता, पिठाचा डबा ओट्यावर ठेवत म्हणाला, "ताई, तुमच्या कॉलेजातल्या त्या उंच मुलाला पोलिसांनी नेले." मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो अपमान. आदल्या दिवशी त्याने माझी अर्थशास्त्राची वही परत केली होती. हा माणूस वही कधी वेळेवर परत करत नसे, म्हणून मी त्याला चिडवलेदेखील होते, आणि तो नुसता हसला होता. सगळे आवरून, देणी फेडून तो निघाला होता, आणि मी त्या देण्यांपैकी एक होते. पुढच्या तुकडीत बेबी गेली, तिनेही सांगितले नाही. बहुधा महिला सत्याग्रहींत ती सर्वांत लहान असावी; पंधरवडाभर आत राहून आली आणि आल्या आल्या माझ्याकडे भरीत-भाकरी खाऊन गेली.

त्याच डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या, आणि तेही स्वागताध्यक्ष, केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर असताना. मी बी. ए.ला मराठी घेतलेले होते. मला वाटले, एवढ्या मोठ्या सभेत उघडपणे जे बोलता येते, ते माझ्या कानात सांगण्याइतकीही माझी किंमत या दोघांना वाटली नाही.

त्याला पुढे मिसा, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवण्याचा कायदा, लागला आणि नाशिकरोडच्या तुरुंगात ठेवले. तिथून आलेले एक पत्र मला स्वच्छ आठवते. आमच्या मागच्या ओट्यावर मी बाजरी निवडत बसले होते, तेव्हा बेबी ते घेऊन आली. निळे आंतर्देशीय पत्र, त्यावर तुरुंगाचा जांभळा गोल शिक्का, कुणाची तरी तिरपी सही आणि मध्येच एक ओळ काळ्या शाईने खोडलेली. ते बेबीच्या पत्त्यावर आले होते, कारण आमच्या घरी असे पत्र येणे शक्यच नव्हते. माझ्यासाठी शेवटी दोन ओळी होत्या, अभ्यास कर आणि आप्पांना जप अशा अर्थाच्या. त्या दोन ओळी बेबीने मला वाचायला दिल्या. पत्र मात्र हातातून सोडले नाही. वरच्या मजकुरावर तिचा अंगठा होता. त्या अंगठ्याच्या नखाच्या कडेला काळी रेघ होती. मी विचारले तर म्हणाली, पेन गळते. सायक्लोस्टाइलची शाई साबणाने जात नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी शाळेत नोकरी लागल्यावर कळले, प्रश्नपत्रिका काढताना.

त्या अंगठ्याखाली काय होते, यावर मी आयुष्यातल्या किती दुपारी घालवल्या, ते लिहिण्यासारखे नाही.

१९७७च्या जानेवारीत निवडणुका जाहीर झाल्या, तो सुटून आला, आणि मग तो जीपमध्येच दिसायचा. मार्चमध्ये रायबरेलीचा निकाल रेडिओवर आला त्या रात्री गावात गुलाल उडाला. आप्पाही घरातल्या घरात पेढा खाताना मला दिसले, नसबंदीच्या केसेस मिळवण्यासाठी वर्षभर उन्हातान्हात खेडी पालथी घातलेला माणूस तो. वैशाखात यांचे स्थळ आले. त्याविषयी आज लिहायचे नाही.

सरकारने २०१८ साली मिसाबंदींना मानधन सुरू केले. महिन्याहून अधिक काळ आत असलेल्यांना १०,००० आणि त्याहून कमी असलेल्यांना ५,००० रुपये. सरकार बदलल्यावर २०२०मध्ये ते बंद झाले, २०२२मध्ये पुन्हा सरकार बदलल्यावर सुरू झाले आणि या महिन्यात दुप्पट झाले. बेबी म्हणते, आमच्या तारुण्याचा भाव कापसापेक्षा बरा आहे. तो मात्र २०१८पर्यंत राहिला नाही.

त्यामुळे आता खरे-खोटे करायला बेबी आणि मी, दोघीच उरलो आहोत. ती तर मला आत घेऊन बसली आहे. आज सकाळी शेवटी फोन केला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर विचारलेच की, माझे नाव का घेतलेस, मला तर तुम्ही काही सांगितलेही नव्हते. बेबी अहिराणीवर आली म्हणजे ती मनापासून बोलते आहे असे समजायचे. "तुले सांगेल व्हतं ना मी," ती म्हणाली, "तूच नही म्हननी."

मी गप्पच झाले. असे काहीही घडले नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. आणि तीही तिचे शपथेवरच सांगेल. म्हणजे आता या गोष्टीच्या तीन हकीकती झाल्या. एकीत मी सत्याग्रही आहे, एकीत मला वगळले आहे आणि एकीत मला विचारले असता मी नाही म्हटले आहे. आजवर ज्या हकीकतीचा मला एवढा त्रास झाला, तीच या तिघींत मला सोयीची आहे, हे ध्यानात आल्यावर मला एकटीलाच हसू आले. सूनबाईला पहिली आवडली आहे. तिने ती माहेरी कळवलीसुद्धा. आता मी ती दुरुस्त करणार नाही. मात्र बेबीने अर्जासाठी आधार कार्डाची झेरॉक्स मागितली, ती पाठवणार नाही.

फोन ठेवण्याआधी त्या पत्राचेही विचारून घेतले. बेबीला ते लख्ख आठवत होते. "अगं, त्यात काय होते? डाळीत पाणीच फार असते, थंडीची गंजी पाठवा, दंतमंजन पाठवा. यादी होती नुसती."

मी बरे म्हटले. गंजीच्या यादीवर अंगठा कशाला ठेवावा लागतो, हे विचारणार होते, पण तेवढ्यात तिच्या दारी भाजीवाला आला.