फीत जिथे तुटली होती

आमच्या घरातल्या एका कॅसेटची फीत टेपरेकॉर्डरमध्ये गुंतून तुटली होती. वडिलांनी चुरगळलेला तुकडा कापून दोन्ही टोके चिकटपट्टीने जोडली आणि त्या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यातली अर्धी ओळ कायमची गेली. गायक एका शब्दाच्या मध्यावरून थेट पुढच्या ओळीवर उडी घेऊ लागला. पुष्कळ वर्षांनी ते गाणे मी अखंड ऐकले, तेव्हा ती मूळ ओळच मला कुणीतरी मागाहून घुसडल्यासारखी वाटली.

एखादे गाणे का आवडते असे विचारले, की आपण चाल, शब्द आणि आवाज यांचे गुण सांगू लागतो. ते गुण खोटे नसतात, पण आवड आधी जडते आणि कारणे नंतर सुचतात, असा माझा अनुभव आहे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिले, की निरर्थक शब्ददेखील केवळ वारंवार समोर आल्याने लोकांना अधिक बरे वाटू लागतात. अर्थात नुसत्या पुनरावृत्तीने सारे उलगडत नाही, कारण तसे असते तर सतत कानावर आदळणाऱ्या जाहिरातींच्या धून आपल्याला सर्वाधिक प्रिय झाल्या असत्या.

मला वाटते, पुनरावृत्तीमुळे कानाला वाट पाहण्याची सवय लागते आणि खरी गोडी त्या वाट पाहण्यात असते. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये श्रोत्यांना त्यांच्याच आवडीचे, अंगावर शहारा आणणारे संगीत ऐकवून मेंदूची तपासणी केली, तेव्हा डोपामिन हे द्रव्य ऐन शहाऱ्याच्या क्षणी तर स्रवतेच, पण त्याआधीच्या प्रतीक्षेतही मेंदूच्या एका वेगळ्या भागात स्रवते, असे त्यांना आढळले. तान लांबत जाते, आता सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, येणार हे ठाऊक असते, तरी ती येईपर्यंत जीव टांगणीला लागतो. ज्याने ताल कधी ऐकलाच नाही, त्याला त्या समेचे काय कौतुक असणार?

कशाची वाट पाहायची, हे कान बऱ्याच अंशी भोवतालातून शिकतो. पाश्चात्त्य संगीत फारसे कानावर न पडलेल्या, बोलिव्हियातल्या त्सिमाने या आदिवासी लोकांवरचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला; पाश्चात्त्य कानांना कर्कश वाटणारे स्वरमेळ आणि गोड वाटणारे स्वरमेळ त्यांना सारखेच सुखद वाटले. त्यामुळे 'हे काय ऐकतोस' असे कुणाला हिणवण्यात फारसा अर्थ नाही, हे मला उशिरा कळले. तरुणपणी मी तसे भरपूर हिणवले आहे.

धाकटा भाऊ अजूनही कधीतरी ते गाणे गुणगुणतो. दुसऱ्या अंतऱ्यात तो त्याच शब्दाच्या मध्यावर थांबतो आणि पुढची ओळ धरतो. मी त्याला अजून काही सांगितलेले नाही.