ल्हासाला बासरी वाजवताना

चीनमधल्या आमच्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम ल्हासाला होता. मी बासरी वाजवते, दादा तबला. आधीची शहरं नीट पार पडली होती, पण ल्हासा ३,६५० मीटर उंचीवर आहे. तिथे एका श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम दोन तृतीयांश ऑक्सिजन मिळतो, आणि माझं वाद्य श्वासावरच चालतं.

पहिली अडचण मात्र कागदांची आली. चीनचा व्हिसा असला तरी तिबेटसाठी वेगळा परवाना लागतो. तो प्रवासी कंपनीमार्फतच निघतो आणि तिचा गाइड सोबत ठेवावा लागतो. आमच्या अर्जात नाव आणि आडनाव एवढंच भरलं गेलं होतं. पासपोर्टवर मध्ये वडिलांचं नाव आहे. अर्ज परत आला आणि शिनिंग या चिनी शहरात दोन दिवस अडकून पडलो. आपल्यापैकी कुणी जाणार असेल तर कळकळीने सांगते, पासपोर्टवर आहे तसंच, तिन्ही नावांसकट, अक्षर न् अक्षर तपासून द्या.

शिनिंगहून ल्हासा रेल्वेने १,९५६ किलोमीटर. डब्यात ऑक्सिजन सोडतात, तरी तांगुला खिंडीत, ५,०७२ मीटरवर, डोकं ठणकायला लागलं. पिशवीतली चिवड्याची पाकिटं टम्म फुगली होती. दादाने पाणीसुद्धा न पिता आधी तबल्याची पुडी चाचपून पाहिली.

ल्हासात पहिल्या दिवशी आंघोळ करू नका, जिने चढू नका, असं गाइडने बजावलं होतं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या, गरम पाणी, थुक्पा म्हणजे तिबेटी नूडल्सचं सूप, झोप. संध्याकाळी राहवलं नाही म्हणून बासरी काढली. भूप या पाच सुरांच्या रागाचा आलाप. पुण्यात एका दमात सहज पुरी होणारी खर्जातली जागा अर्ध्यावरच तुटली. पुन्हा घेतली, पुन्हा तुटली, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मी रडले. हवा इतकी कोरडी की दादाचा तबला दर तासाला चढत होता. तो गजरा, म्हणजे पुडीभोवतीची चामड्याची वेणी, खालून ठोकून सूर उतरवत बसला होता. म्हणाला, ‘‘तू आज वाजवू नकोस. नुसती ऐक.’’

म्हणून दुसरा दिवस ऐकण्यात घालवला. जोखांग मंदिराभोवतीच्या बारखोर रस्त्यावर यात्रेकरू साष्टांग नमस्कार घालत प्रदक्षिणा करतात. तळहातांना लाकडी फळ्या बांधलेल्या. आधी फळ्या एकमेकींवर वाजतात, मग दगडावरून सर्रकन घासत जातात, मग क्षणभर काहीच नाही. सेरा मठात भिक्षू टाळी मारून वाद घालत होते, तेही पाहिलं.

तिसऱ्या दिवशी पोताला. पाचव्या दलाई लामांनी १६४५ साली बांधायला घेतलेला हा तेरा मजली राजवाडा आत फिरायला तासभरच मिळतो. पायऱ्या मात्र आपल्या दमाने चढाव्या लागतात. दहा चढायच्या, थांबायचं. आत लोण्याच्या दिव्यांचा वास आणि काळोख.

पण मला वाट दाखवली ती परतताना एका मठाच्या गच्चीने. तिबेटमध्ये गच्चीवर अर्गा नावाची माती पसरून तासन् तास चोपतात. काठीच्या टोकाला सपाट दगड बांधलेला, बायका आणि पुरुष दोन रांगांत उभे, आणि काठ्यांच्या ठेक्यावर गाणं चाललेलं. त्या हवेत, अंगमेहनत करत, खणखणीत आवाजात! जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या आमच्या आजीला तिथे न्यायला हवं होतं. दादा बोटांवर मात्रा मोजत होता. एकदम म्हणाला, ‘‘बघ, एक रांग गाते तेव्हा दुसरी श्वास घेते.’’

त्याच रात्री आम्ही भूप नव्याने बांधला. लांब ओळी काढून टाकल्या. मी छोटी जागा घ्यायची, तिच्या शेवटी दादाने डग्ग्याची आस, म्हणजे मागे घुमणारा नाद, मोकळी सोडायची, तेवढ्यात मी पोटभर श्वास घ्यायचा. तो थांबला की मी. लय आमच्या नेहमीच्या विलंबितापेक्षाही संथ ठेवली.

कार्यक्रम हॉटेलच्या छोट्या सभागृहात झाला, ऐंशीएक माणसं. बासरीला आतून बदामाचं तेल लावून घेतलं होतं, शेजारी ऑक्सिजनचा डबा होता. तो लागला नाही. पाऊण तास वाजवलं. तिबेटी लोकगीतांतही पाच सुरांच्या चाली खूप, त्यामुळे भूप त्यांना परका वाटला नाही. दुसऱ्या रांगेतली एक आजी हलक्या आवाजात षड्ज धरून बसली होती.

नंतर एक वयस्क गृहस्थ द्रान्येन घेऊन मंचाजवळ आले. ते सहा तारांचं तिथलं वाद्य. भाषा कळत नव्हती, त्यांनी तार छेडून सूर विचारला. दादाने तबला त्यांच्या सुरात मिळवायला घेतला. कुणीतरी थर्मासमधून दूध-साखरेचा गोड चहा ओतला, अगदी आपल्यासारखा. मी अर्धा पेला प्यायले आणि बासरी परत ओठांना लावली.