भावाच्या शिक्षेविरुद्धचं अपील : माझा अनुभव

"एनडीपीएसची, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याची केस आहे, यात आता काही होत नाही." भावाला शिक्षा लागली तेव्हा कळव्यात आम्हाला भेटणारा प्रत्येक जण हेच सांगत होता. माझा धाकटा भाऊ टेम्पो चालवायचा. रात्रीच्या नाकाबंदीत त्याच्या स्कूटरवरच्या सॅकमध्ये साडेचार किलो गांजा सापडला, असा आरोप होता. खालच्या कोर्टाने ५ वर्षं सक्तमजुरी आणि ५० हजार रुपये दंड दिला. आई त्या दिवसापासून कोणाशी बोलेनाशी झाली, आणि कोर्टाचं सगळं माझ्याकडे आलं. अशा वेळी घरच्यांना काय काय माहीत असायला हवं, ते सांगावंसं वाटतं.

निकालपत्राची एक प्रत आरोपीला लगेच आणि फुकट मिळते. ती आधी ताब्यात घ्या. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात जायला ६० दिवस असतात. आधी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७४ खालचं अपील होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४१५ आहे. वकिलाची फी परवडत नसेल तरी थांबू नका. कोठडीतल्या माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि तुरुंगातूनही अपील पाठवता येतं. आम्ही वकील केला. वकीलपत्रावर ठाण्याच्या तुरुंगात भावाची सही झाली. मुलाखतीत तो एवढंच म्हणाला, "ताई, आईला इथे आणू नकोस."

अपिलाबरोबरच शिक्षा स्थगित करण्याचा अर्ज करतात. एनडीपीएस कायद्याच्या कलम ३२-अ मध्ये शिक्षा स्थगित होणार नाही असं लिहिलंय, म्हणून कित्येक जण हा अर्जच करत नाहीत. पण २००० साली 'दादू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अपील ऐकणाऱ्या कोर्टाचा हा अधिकार असा काढून घेता येणार नाही. जामिनाबद्दलच्या कलम ३७ च्या कडक अटी मात्र व्यावसायिक मात्रेला लागतात. गांजाची अल्प मात्रा १ किलोपर्यंत, व्यावसायिक २० किलोच्या वर. आमच्या केसमधला माल मधल्या मात्रेत येत होता, शिवाय कच्चा कैदी म्हणून भावाने बराच काळ आत काढला होता. शिक्षा स्थगित झाली. जामीनदाराच्या ऐपतीचा (सॉल्व्हन्सी) दाखला मिळेपर्यंत रोख जामिनाची परवानगी मागितली आणि दंड भरला, मग तो घरी आला. त्या रात्री आई जेवली.

खरं काम त्यानंतरचं. आमचा सगळा भरवसा एका मुद्द्यावर होता. झडतीच्या वेळी राजपत्रित अधिकारी हजर नव्हता, म्हणजे केस संपली, असं जो तो सांगायचा. वकील मॅडमनी पहिल्याच भेटीत तो मुद्दा बाजूला ठेवला. "ताई, कलम ५० अंगझडतीसाठी आहे. यांच्याकडे माल सॅकमध्ये सापडलाय." भाऊ कसा गरीब आहे, त्याला कोणी अडकवलं असेल, हे मी सांगायला लागले की त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हे साक्षीत कुठे आलंय?" अपिलात सहसा नवे साक्षीदार येत नाहीत. खालच्या कोर्टात जे कागदावर आलं, तेच न्यायमूर्ती पुन्हा तपासतात. त्यामुळे कागद वाचायचे, आणि सावकाश वाचायचे.

मी ते वाचले. पंचनामा, सीए रिपोर्ट म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, प्रत्येकाची साक्ष आणि उलटतपास. पंचनाम्यात लिहिलं होतं, २४-२४ ग्रॅमचे दोन नमुने खाकी पाकिटात घालून लाखेचं सील केलं. कलिन्याच्या प्रयोगशाळेच्या अहवालात पोहोचलेल्या नमुन्याचं वर्णन होतं प्लास्टिकची पिशवी. दोन्ही कागद शेजारी ठेवून मी त्या ओळी पुन:पुन्हा वाचल्या आणि लगेच मॅडमना फोन लावला. त्यांनी ते आधीच टिपलं होतं. पुढचे धागेही त्यांनीच दाखवले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे नमुना ७२ तासांत प्रयोगशाळेत जायला हवा होता, तो कित्येक आठवड्यांनी गेला होता. मधल्या काळात तो कुठे होता, हे सांगणारा मुद्देमाल कारकून, म्हणजे पोलीस ठाण्यात जप्त माल सांभाळणारा कर्मचारी, साक्षीला आलाच नव्हता. मुद्देमाल रजिस्टरच्या उताऱ्याला निशाणी क्रमांक नव्हता, म्हणजे तो पुरावा म्हणून सिद्धच झाला नव्हता. नमुना घेऊन गेलेल्या शिपायाचीही साक्ष नव्हती. आणि कलम ५२-अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने काढलेलेच नव्हते.

या शेवटच्या मुद्द्यावर फार विसंबू नका. नुसतं ५२-अ पाळलं नाही म्हणून सुटका होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. जप्त झालेला माल आणि तपासलेला माल एकच, हे बाकीच्या पुराव्यातून सिद्ध होत असेल तर शिक्षा टिकते. आमच्याकडे नेमकी तीच साखळी तुटलेली होती. माल सापडला की आरोपीला दोषी धरून चालणारी कायद्यातली गृहीतकं त्याच्या विरुद्ध आहेत, पण ती लागू होण्याआधी हा पाया सरकारी पक्षानेच घालायचा असतो.

अंतिम सुनावणीला मी फोर्टला उच्च न्यायालयात गेले. सरकारी वकिलांनी पंच फितूर नव्हता यावर भर दिला. न्यायमूर्तींनी विचारलं, कारकुनाची साक्ष का घेतली नाही? त्याला धड उत्तर मिळालं नाही. निकाल आला तो निर्दोष मुक्ततेचा. त्यानंतरही काही जण म्हणाले, "संशयाचा फायदा मिळाला ना फक्त?" मला याचा फार राग येतो. सरकारने गुन्हा सिद्ध करायचा असतो, तो झाला नाही. माझा भाऊ आज कायद्याने निर्दोष आहे, आणि हे मी कोणालाही तोंडावर सांगते.

दंड परत द्यायचा आदेश निकालातच आहे, पण पैसे आपोआप येत नाहीत. त्यासाठी उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित नक्कल जोडून खालच्या कोर्टात अर्ज करावा लागतो. नकला दोन-तीन जास्त काढा, नोकरीच्या पोलीस पडताळणीला लागतात. जप्त झालेली आमची स्कूटर सुटली. दंडाचा आणि जप्त मोबाइलचा अर्ज दिलाय, पुढच्या तारखेला मी ठाण्याच्या कोर्टात, कोर्टनाक्याला जाणार आहे.