वाडीतला दिवा चावतो

चौलच्या बाजूला नारळ-सुपारीच्या एका वाडीत स्पाइक लाइट, म्हणजे खिळ्याने जमिनीत रोवायचे बागेचे दिवे, बदलायचं काम आलं होतं. मालक मुंबईचे, शनिवार-रविवार येणारे. फोनवर म्हणाले, "चार-पाच बंद पडलेत, सगळेच नवीन टाका. दिसायला चांगले बघा." मी पोचलो तेव्हा मृगाची एक जोरदार सर होऊन गेली होती. वाडी सांभाळणारे काका पडलेल्या झावळ्या ओढत होते, पायात काही नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, बाकीचं तुमचं तुम्ही बघा, पण तो विहिरीकडचा दिवा चावतो. शेटना सांगितलं, तर म्हणतात ओल्या हाताने लावू नको."

शिंपण्याचं काम करणाऱ्या माणसाने हात कोरडे कुठून आणायचे?

मी दिवे चालू करायला सांगितले आणि विहिरीकडच्या दिव्याच्या बॉडीला टेस्टर लावला. पेटला. पण टेस्टर नुसत्या इंडक्शननेही, म्हणजे शेजारच्या तारेच्या प्रभावानेही, पेटतो, त्यावर मी निकाल देत नाही. मी टेस्ट लॅम्प काढला, होल्डरमध्ये 40 वॉटचा साधा बल्ब आणि दोन वायरी. एक टोक दिव्याच्या बॉडीला, दुसरं पंपाच्या अर्थिंगला. बल्बची तार तांबडी झाली. अंगावर काटा आला माझ्या. तार एवढी तापायला जो करंट लागतो तो 30 मिलीअँपिअरच्या वर असतो, आणि माणसाचा जीव वाचवायला जो आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, लावतात तो त्याच 30 ला पडायला, म्हणजे बंद व्हायला हवा. काका इथे ओल्या मातीत अनवाणी उभे राहत होते.

घरात आरसीसीबी होता, चांगला होता. पण बागेची लाइन आधीच्या माणसाने घरातून न घेता विहिरीवरच्या पंपाच्या बोर्डातून ओढली होती. तिथे फक्त 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागचा स्विच. जमिनीतून गळणारा करंट एमसीबीला कळतच नाही, त्याला शॉर्ट किंवा ओव्हरलोड लागतो. आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, ते बघतो. कमी आला की पडतो.

मग दिवा खोलला. बॉडी अॅल्युमिनियमची, लीड, म्हणजे दिव्यातून बाहेर येणारी वायर, दोनच तारांची. अर्थची तार नाही, आत अर्थ जोडायला जागाही नाही. चौकोनात चौकोन असं दुहेरी इन्सुलेशनचं चिन्ह असतं, तेही नाही. धातूची बॉडी आणि 230 व्होल्ट असताना यातलं एक तरी असलंच पाहिजे. त्यात लीड चपटी आणि ग्लँड, म्हणजे वायर आत जाते तिथलं आवळायचं रबरी बूच, गोल. गोल रबराच्या भोकात चपटी वायर कितीही आवळा, दोन्ही बाजूंना फट राहते. दिवा रात्री तापतो, पाऊस पडला की गार होतो, आतली हवा आकसते आणि त्या फटीतून ओल आत ओढली जाते. काचेच्या आत तळाला पाणी साचलेलं होतं. खोक्यावर म्हणे आयपी 65, म्हणजे धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा, लिहिलेलं होतं.

मी सप्लाय बंद केला, एमसीबीवर चिकटपट्टी मारली आणि शेटना फोन लावला. टेस्ट लॅम्पचा फोटो पाठवल्यावर ते गप्पच झाले. मग घाईने म्हणाले, "सगळे 12 व्होल्टचे टाका. नाहीतर सोलर."

घाबरलेल्या माणसाचा तो निर्णय होता आणि मला तो मान्य नव्हता. सुपारीच्या दाट सावलीत सोलरचं पॅनल चार्ज होत नाही. आणि 12 व्होल्टचं गणित मी त्यांना फोनवरच मांडून दाखवलं. घरापासून मागच्या फाटकापर्यंत साधारण 60 मीटर. 9 वॉटचे 10 दिवे म्हणजे 90 वॉट, 12 व्होल्टला साडेसात अँपिअर. अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये जाऊन-येऊन 120 मीटरला जवळपास 0.9 ओहम भरतो. सगळा भार शेवटाला धरला तर साडेसहाहून जास्त व्होल्ट वाटेतच संपतात. तेच 230 व्होल्टला 0.4 अँपिअर जातो आणि अर्धा व्होल्टही पडत नाही. लांबच्या झाडांना मेन्सचाच, म्हणजे 230 व्होल्टचाच दिवा योग्य, फक्त तो नीट निवडला पाहिजे. घरापुढच्या हौदाभोवती, जिथे नातवंडं पाण्यात हात घालतात, तिथे मात्र मी स्वतःच 12 व्होल्टचा आग्रह धरला. तिथे अंतर कमी आहे.

दिवे मग मी निवडले. तीन तारांची गोल लीड, आत अर्थचा स्क्रू, आयपी 67. कोकणात एका रात्रीत वाडीत घोटाभर पाणी उभं राहतं. आयपी 65 फवारा सोसतं, बुडणं नाही. खाऱ्या हवेत साध्या स्टीलचे स्क्रू एका पावसात गंजून बसतात, म्हणून 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घेतले. नारळाला 15 अंशांचा अरुंद बीम, म्हणजे उजेड खोडावरून चढत थेट शेंड्यात जातो. आंब्याला आणि फणसाला रुंद. रंग 3000 केल्विनचा पिवळसर, पांढऱ्या उजेडाला किडे जास्त येतात. रेताड मातीत नुसता खिळा डुलतो, तेव्हा प्रत्येकाखाली छोटा काँक्रीटचा ठोकळा ओतला.

लाइन नवीन, घरातून. तीन कोअरची आर्मर्ड, म्हणजे पोलादी कवचाची केबल, खाली-वर वाळू, वर विटांची ओळ, म्हणजे आळी खणताना कुदळ आधी विटेवर पडेल. जमिनीत एकही जोड नाही, सगळे जोड वर खांबावरच्या डब्यांत. बागेसाठी वेगळा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि न्यूट्रलही वेगळा. दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेतला तर आरसीसीबी सारखा पडतो, मग कंटाळून कुणीतरी त्याला बायपास करतं. दिवे जोडण्याआधी केबलला 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावला, सुईने इन्सुलेशन शाबूत दाखवलं.

शेटना खर्च जड गेला, ते लपवत नव्हते. मी त्यांना सांगितलं, दिव्यांत काटछाट करा, दहाचे सहा लावा, पण अर्थ आणि आरसीसीबीत नको. त्यांनी ऐकलं. सुपारीतले चार नंतर लावायचे ठरले.

काकांसाठी वाडीच्या तोंडाशी एक डबल पोल स्विच बसवला. शिंपायला आत शिरण्याआधी तो बंद करायचा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. आरसीसीबीवरचं टी लिहिलेलं बटण दर महिन्याला दाबून बघायचं कामही त्यांनी मागून घेतलं. जुने दिवे माझ्या हाताखालचा पोरगा भंगारात टाकायला निघाला होता. मी त्याला थांबवलं आणि प्रत्येकाची लीड बॉडीपाशी कापायला लावली, कुणी उचलून परत कुठल्या बागेत लावू नये म्हणून.